डाव्या खांद्यावरची पाकळी

माझ्या सासऱ्यांना कुठलाही निर्णय स्वतः घ्यायचा भारी कंटाळा. बैल विकायचा का, विहिरीचा गाळ यंदा काढायचा की पुढच्या वर्षी, व्याह्यांना जेवायला बोलवायचं की नुसता चहा पाजून वाटेला लावायचं, सगळं ते गावदेवीवर सोपवून मोकळे होत. आमचं गाव शहापूरपासून दोन कोसांवर. गावाबाहेर ऐनाच्या झाडाखाली देवीचा शेंदूर लावलेला, कमरेएवढा दगड होता. त्याच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात भिजवलेली झेंडूची एकेक पाकळी चिकटवायची आणि समोर बसून राहायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी आधी पडली तर नाही. याला कौल लावणं म्हणतात. सासरे कौल लावून बसले की निम्मा दिवस गेला असं धरून चालावं. कोवळ्या उन्हात बसल्या बसल्या त्यांना छान डुलकी लागायची, आणि कौलाचा एवढा नाद त्यांना त्या डुलकीपायीच असावा असा माझा संशय होता.

त्यामुळे माझ्या लेकीला टोचून घ्यायचं की नाही हा प्रश्न घरात निघाला, तेव्हा तो शेवटी कुणाच्या खांद्यावर जाऊन बसणार हे मला ठाऊक होतं.

टोचायचं म्हणजे देवीची लस. आजच्या पोरांना देवी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं, आणि ते फार बरं आहे. ताप चढायचा, अंगभर फोड उठायचे, लहान पोरं पटापट जायची आणि जी उरायची त्यांच्या तोंडावर जन्मभराचे वण राहायचे. आम्ही त्याला रोग म्हणत नव्हतो. देवी आली म्हणायचो. आली की तिचा मानपान करायचा, तिला राग येईल असं काही वागायचं नाही आणि ती कधी एकदा जाते याची वाट बघायची.

मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं, तरी रॉकेल आणि कापड अजून रेशनवरच होतं. माझी लेक दहा महिन्यांची होती. लग्नानंतर तब्बल सहा वर्षांनी घरात पाळणा हलला होता, त्यामुळे तिला जरा शिंक आली तरी सगळं घर गोळा व्हायचं. मार्गशीर्षात मुरबाडकडून एक गाडीवान आला. त्यानं दोन गोष्टी आणल्या. एक बातमी, की तिकडे दोन-तीन गावांत देवी आल्यात आणि त्या इकडेच सरकतायत. आणि एक निरोप, माझ्या धाकट्या भावाचा. पौषातल्या म्हशाच्या जत्रेला ये आणि भाचीला घेऊन ये, असा.

माझं माहेर म्हशाजवळच. अंगणात उभं राहिलं की समोर सिद्धगड दिसतो. भाऊ तेव्हा अठरा वर्षांचा होता. दोन्ही डोळ्यांनी आंधळा. पण दोर वळण्यात त्याचा हात धरणारा आसपासच्या दहा गावांत कुणी नव्हता. म्हशाच्या जत्रेत बैल विकले जातात हे सगळ्यांना माहीत असतं. त्या बैलांना घरी न्यायला नवे दोर लागतात हे माझ्या भावानं बरोबर हेरलं होतं. गाडीवानाकडे त्यानं पाळण्यासाठी वळलेली एक दोरीही दिली होती, इतकी मऊ की मी ती गालाला लावून बघितली.

मला जत्रेला जायचं होतं. पण त्याच्याआधी मला लेकीला टोचून घ्यायचं होतं.

आठवडाभरात टोच्या आला. त्याला सरकारी नाव होतं, पण गावात कुणी ते घेत नसे. किडकिडीत माणूस, अंगात खाकी कोट, एका हातात पत्र्याची पेटी आणि दुसऱ्या हातात छत्री. छत्री पावसासाठी नव्हे, कुत्र्यांसाठी. पेटीत काचेच्या बारीक नळ्यांतून लस असे आणि एक दातेरी तोंडाचं हत्यार असे. ते दंडावर टेकवायचं आणि गर्रकन फिरवायचं. तो वेशीत दिसला की पोरं नाहीशी होत. दारात गेला की बायका सांगत, "प्वार मामाकडं गेलंय." गावातल्या सगळ्या पोरांना एकाच दिवशी मामाकडे जायची हुक्की यायची, आणि टोच्या बिचारा निमूटपणे ते वहीत लिहून घ्यायचा.

आमच्या दारात मात्र त्याला असलं खोटं ऐकावं लागत नसे. तिथे माझ्या सासूबाई उभ्या असत. आम्ही त्यांना आत्या म्हणायचो. आत्यांच्या तोंडभर देवीचे वण होते. त्या पाच वर्षांच्या असताना त्यांना देवी आल्या होत्या, आणि त्यांच्या आईनं नवस बोलला होता की माझी पोर वाचव, तिच्या वंशात कुणाच्या अंगाला टोचायचं लोखंड लागू देणार नाही. पोर वाचली. नवस आत्यांबरोबर सासरी आला, भांड्याकुंड्यांसारखा.

"मी हाय तवर या घरात टोचायचं नाय," आत्या म्हणाल्या. "आमचा नवस हाय."

"आई, नवस तुमच्या आईंचा. पोर यांची," टोच्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "मुरबाडकडे काय चाललंय ते ऐकलंत ना?"

"ऐकलं. तुमी पानी प्या नि निघा."

मला राहवलं नाही. मी मुळात तोंडाळ, आणि सात वर्षं सून म्हणून गप्प राहण्यात जेवढं साठलं होतं तेवढं सगळं त्या दिवशी बाहेर पडलं. मी म्हटलं, तुमच्या आईनं नवस बोलला तेव्हा माझी लेक कुठे होती? तिला कुणी विचारलं होतं? तुम्ही नाही म्हणालात तर मी हिला काखोटीला मारून शहापूरला चालत जाईन. टोच्या पाण्याचा तांब्या हातात धरून तसाच उभा राहिला. आमचे हे शहापूरच्या भाताच्या गिरणीवरून नुकतेच आले होते, ते म्हणाले, "बघू." त्यांचं ते 'बघू' मी एकदा कुठेतरी पुरून टाकणार होते.

आत्या माझ्यावर ओरडल्या नाहीत, याचं मला तेव्हा नवल वाटलं. त्या लेकीकडे बघत होत्या. मग सासऱ्यांकडे वळून म्हणाल्या, "नवस देवीचा हाय. सोडवायचा तर तिनंच सोडवावा. तिलाच इचारा काय ते."

सासरे लगेच खुलले. मंगळवारी कौल लावायचं ठरलं. टोच्या म्हणाला, मी बुधवारी शेजारच्या गावात आहे, देवी काय म्हणाली ते कळवा. असं तो अगदी गंभीरपणे म्हणाला, आणि वहीत आमच्या घरापुढे काहीतरी लिहूनही घेतलं.

आता मी एवढी का पेटले होते ते सांगते. मी आठ वर्षांची होते, तेव्हाही माहेरी असाच एक टोच्या आला होता. आईनं माझ्या हातात तीन वर्षांच्या भावाला दिलं आणि गुळाचा खडा दिला, आणि आम्हा दोघांना भाताच्या रिकाम्या कणग्यात उतरवलं. कणगा म्हणजे बांबूचा विणलेला, शेणानं लिंपलेला, माणूसभर उंचीचा. वर झाकण. आत अंधार आणि भाताचा वास. भाऊ रडायला लागला की मी त्याच्या तोंडात गूळ घालायचे. तो चोखत गप्प बसायचा. बाहेर आई सांगत होती, पोरं मामाकडे गेलीयत. टोच्या गेल्यावर आम्हाला वर काढलं आणि आईनं माझी पाठ थोपटली. पोरगी भारी हुशार, हूं का चूं करू दिलं नाही पोराला, असं ती महिनाभर सगळ्या आळीला सांगत होती. उरलेला गूळ मला मिळाला. त्याच चैत्रात भावाला देवी आल्या आणि जाताना त्याचे डोळे घेऊन गेल्या. त्यानंतर वडिलांनी मला मुरबाडला नेऊन टोचून आणलं. माझ्या दंडावर चार वण आहेत, ते भावाचे डोळे गेल्यानंतरचे. कणग्याची गोष्ट मग घरात कुणी काढली नाही. मीही कधी भावाला सांगितली नाही. तो फार लहान होता, त्याला आठवत नसणार, असं मी धरून चालले होते.

तेव्हा देवी काय म्हणते याची वाट बघत बसायची माझी तयारी नव्हती.

सोमवारी संध्याकाळी दिवा लावायच्या निमित्तानं मी देवीकडे गेले. पदराखाली द्रोणात तांदळाची घट्ट पेज होती. देवीच्या डाव्या खांद्यावर ती बोटानं चांगली चोपडली. वाळली की पुन्हा ओल्या पाकळीनं चिकट होईल, डावी पाकळी धरून ठेवील, उजवी आधी पडेल, असा माझा हिशेब होता. देवीपुढे हात जोडले आणि म्हटलं, राग आला तर माझ्यावर काढ, पोरीवर काढू नकोस. मग द्रोण ओढ्यात टाकून दिला.

मंगळवारी सकाळी सगळे देवीकडे गेलो. आत्या एरवी देवीला एक तांब्या पाणी घालायच्या. त्या दिवशी त्यांनी कढत पाण्याची अख्खी घागर आणली होती. नुसती ओतली नाही, तर नारळाच्या सोडणानं दगड असा खसाखसा घासला की देवी माणूस असती तर कळवळली असती. माझी पेज गेली. मला रडूच फुटायचं बाकी होतं. त्यात आत्या म्हणाल्या, "उदबत्ती घरी ऱ्हायली गो. जा, पळत घेऊन ये."

उदबत्ती कुठली राहायला, ती त्यांच्याच ओच्यात असायची, एवढं मला त्या वेळी सुचलं नाही. मी घरी जाऊन आले तोवर सासऱ्यांनी पाकळ्या लावल्या होत्या आणि मांडी घालून बसले होते. मी लेकीला मांडीवर घेतलं. हे झाडाला टेकून उभे होते. आत्या बाजूला, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. ऊन हळूहळू देवीच्या पायापासून वर चढायला लागलं. सासऱ्यांची मान एकदा पुढे गेली, एकदा मागे गेली, मग ती पुढेच राहिली.

मी डोळे मिटून घेतले नाहीत. मी त्या दोन पाकळ्यांवरून नजर हलवली नाही. आयुष्यात मी इतकी घाबरले नव्हते, बाळंतपणातही नाही. डावी पडली तर मी खरोखर लेकीला घेऊन शहापूरला चालत जाणार होते का? तोंडानं म्हणणं सोपं असतं. देवीनं नाही म्हटल्यावर टोचलं आणि पोरीला काही झालं, तर माझ्या दारात कुणी पाय ठेवला नसता, आणि मी स्वतःला काय म्हटलं असतं ते मला कळत नव्हतं. उजव्या पाकळीची एक कड सुटली. ती जरा वर उचलली गेली, थबकली, आणि पडली.

"पडली!" मी एवढ्यानं ओरडले की सासरे दचकून जागे झाले आणि त्यांनी आधी देवीला नमस्कार केला, मग विचारलं, "कंची?"

"उजवी," आत्या म्हणाल्या. त्यांनी तोंड वाकडं केलं. "आता देवीच सांगती तर माझं काय चालतंय."

बुधवारी टोच्या आला. आत्यांनी आधी त्याच्या पेटीला हळदकुंकू वाहिलं. हत्यारालाही वाहायला निघाल्या, तेव्हा तो पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला, "आई, त्याला नको! त्याला हात लावू नका!" मग पेटीच्या झाकणावर तडजोड झाली. लहान म्हणून लेकीला दोनच ठिकाणी टोचलं. ती जी किंचाळली ती शहापूरच्या बाजारात ऐकू गेली असेल. आत्या गोठ्यामागे जाऊन उभ्या राहिल्या होत्या. रडणं थांबल्यावरच पुढे आल्या.

खरी गंमत पुढे झाली. पाचव्या दिवशी लेकीच्या दंडावर दोन फोड टरारून आले, थोडा ताप चढला. लस लागली होती. पण आत्यांच्या मते देवी आल्या होत्या. थोड्या आल्या, कौलाचा मान राखून बेतानं आल्या, पण आल्या. आणि आल्या म्हणजे पाहुणचार आला. दारावर कडुलिंबाचा डहाळा लागला. घरात फोडणी बंद, तळण बंद, सुकट बंद. यांनी दाढी करायची नाही, मी वेणी घालायची नाही. ज्याच्या अंगात देवी आल्या त्याच्याशी आदरानं बोलायचं असतं, म्हणून आत्या दहा महिन्यांच्या पोरीला अहोजाहो करू लागल्या. "पेज घेता का जरा? नको? बरं, नका घेऊ. रागावू नका." लेक पेजेच्या वाटीत मूठ घालून ती आत्यांच्या तोंडाला पुसायची, आणि आत्या हात जोडायच्या. देवी घरात असताना भांडायचंही नसतं, आवाज चढवायचा नसतो. सासरे म्हणाले, लग्न झाल्यापासून इतके सुखाचे दिवस मी पाहिले नाहीत, वर्षातून दोनदा टोचायला हवं.

आठव्या दिवशी टोच्या फोड बघायला आला. त्याला तसा नियमच होता, बघायचं आणि वहीत लिहायचं. आत्यांनी त्याला अंगणातच अडवलं.

"वहाणा भाईर. छत्री भाईर. पाय धुवा."

"आई, मला फक्त दंड बघायचाय."

"लांबून बघा. आत देवी बसलीय."

"अहो, देवी नाही आलेली! मीच नाही का टोचलं?"

"तुमी आणनारे कोन?" आत्या म्हणाल्या. "तुमी दार वाजवलंत. आली ती तिच्या पायानं."

टोच्यानं पाय धुतले. मी लेकीला उंबऱ्याशी धरलं, त्यानं अंगणातून मान लांब करून दंड बघितला आणि खूश होऊन लिहून घेतलं. मग आत्यांनी त्याला जेवायला बसवलं. बिनफोडणीचा दहीभात. तो तीन वेळा मागून जेवला. म्हणाला, या कामाला लागल्यापासून कुणी जेवायला बसवलं ते आजच. मला त्याची फार दया आली. गावोगाव पोरं वाचवत हिंडणारा माणूस, आणि त्याच्या वाट्याला बंद दारं आणि कुत्री.

इकडे गावात मात्र एक कुरबूर सुरू झाली होती. आमच्या कौलाची डावी पाकळी अजून पडली नव्हती. कौलाची पाकळी आपण होऊन पडेपर्यंत देवीला पाणी घालायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. एक दिवस गेला, चार गेले, दहा गेले. देवी पारोशी. लोक येऊन पाकळीकडे बघून जात. सासऱ्यांनी याचा अर्थ असा लावला की देवीचा होकार फारच जोरदार आहे. त्यांच्या म्हणण्याला मान मिळाला, कारण दुसरं काही कुणाला सुचत नव्हतं. मी मनात म्हणत होते, माझी पेज तर धुतली गेली होती. म्हणजे हे खरंच तिनं केलं. मला जरा भीतीही वाटायला लागली होती.

फोड सुकायला लागले तेव्हा आत्यांनी देवीची बोळवण करायचं ठरवलं, म्हणजे दहीभाताचा नैवेद्य देवीपुढे ठेवून तिला मानानं घरी पोचवायची. मी आणि आत्या, दोघीच गेलो. नैवेद्य ठेवला. आत्या म्हणाल्या, "तू हो पुढं. मी आलेच." मी दहा पावलं गेले आणि द्रोण झाकायचं पान विसरलं म्हणून परत फिरले.

आत्या देवीच्या डाव्या खांद्यावर तांब्यातलं गरम पाणी सोडत होत्या आणि अंगठ्याच्या नखानं ती पाकळी खरवडत होत्या. पाकळी सुटली, तशी तिच्यामागे चिकट पिवळी तार लोंबली.

मी ती तार ओळखली. बाळंतपणात मला लाडू केले होते, त्यातला उरलेला डिंक डब्यातून कमी कसा झाला म्हणून मी चार दिवस मुंग्यांना शिव्या देत होते.

"आत्या," मी म्हटलं, "हा डिंक आहे."

त्यांनी मागे वळून बघितलं. दचकल्या नाहीत. "मंग? पेजेनं पाकळी ऱ्हाती व्हय?" त्या म्हणाल्या. "वाळली की सुटती. दगडावर पांढरी फटफटीत दिसत व्हती लांबून. तुझ्या सासऱ्याला दिसली असती म्हंजे?"

मला हसू आलं, आणि हसता हसता त्यांच्या तोंडाकडे बघून ते थांबलं. त्या ऐनाच्या मुळीवर बसल्या. मला जवळ बसायला सांगितलं. मग त्यांनी जे सांगितलं ते त्या घरात सात वर्षं राहून मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या यांच्या आधी त्यांना एक मुलगा होता. दोन वर्षांचा. टोच्या आला होता, आणि आत्यांनी त्याला दारातून नवस सांगून परत लावलं होतं. त्याच उन्हाळ्यात देवी आल्या.

"नवस मी पाळला," आत्या म्हणाल्या. "तिनं कुटं पाळला?"

ऐनाची वाळलेली पानं खाली पडत होती. सात वर्षं मी या बाईला हेकेखोर समजत आले होते, आणि ती सात वर्षं दारात उभी राहून एकच वाक्य म्हणत होती, कारण ते वाक्य सोडलं असतं तर आपला मुलगा उगीच गेला असं स्वतःशी कबूल करावं लागलं असतं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला.

"पन देवीला फशिवलं नाय हां मी," त्या म्हणाल्या. "उजवी तिनंच पाडली. डावीला मी जरा धरून ठेवलं, येवढंच."

त्या चैत्रात आमच्या गावातही देवी आल्या. दोन घरांतली पोरं गेली. आमची लेक अंगणात खेळत होती. पुढच्या खेपेला टोच्या आला तेव्हा आत्या स्वतः त्याच्यापुढे घरोघर चालल्या. बायका म्हणायच्या, पोर मामाकडे गेलंय. आत्या म्हणायच्या, "कंच्या मामाकडं गो? तुझा भाऊस तर काल हितं येऊन जेवून गेला. काढ पोराला कणग्यातनं."

पण त्याच्या आधीची जत्रा सांगायची राहिली.

पौषात खपल्या पडून गेल्यावर आत्यांनीच मला गाडीत बसवलं, बरोबर भाकऱ्या आणि भावासाठी पोह्यांचं गाठोडं दिलं. किन्हवली, मुरबाड करत दुसऱ्या दिवशी म्हशाला पोचलो. जत्रा भरली होती. बैलांच्या रांगा, घोंगड्यांचे ढीग, धुळीनं माणसं ओळखू येत नव्हती. भाऊ एका आंब्याखाली फांदीला दोर टांगून बसला होता. मी हाक मारायच्या आधीच म्हणाला, "तायडे, उशीर केलास गो." माझ्या पायांचा आवाज तो हजार माणसांत ओळखतो.

मी लेकीला त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं तिचे केस चाचपले, कान चाचपले, नाकावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "नाक तुझं नाय. सुटली बिचारी." लेक त्याच्या दोराचं टोक तोंडात घालायच्या खटपटीत होती. त्याची बोटं तिच्या खांद्यावरून खाली आली आणि दंडावर थांबली. तिथे दोन नवे, गुळगुळीत, पैशाएवढे वण होते. त्यानं ते एकदा चाचपले. पुन्हा चाचपले.

"टोचली?" त्यानं विचारलं.

"हो."

तो हसला. "मंग या टायमाला कनग्यात कोनी नाय बसलं?"

मी पोह्यांचं गाठोडं खाली ठेवलं. मी म्हटलं, "तुला आठवतंय?"

"गूळ आठवतो," तो म्हणाला. "आन् भाताचा वास. आन् तू माज्या तोंडावर हात ठेवलावतास ते. भारी गूळ व्हता गो तो."

मी तिथेच आंब्याखाली बसले आणि रडले. पंधरा वर्षं मी जे पोटात ठेवलं होतं ते त्याच्याही पोटात होतं, आणि त्यानं त्यातला फक्त गूळ ठेवून घेतला होता. एक शेतकरी दोराचा भाव विचारायला आला आणि माझ्याकडे बघून गोंधळून उभा राहिला.

"ती माजी बहीन हाय," भाऊ त्याला म्हणाला. "रडू दे तिला. तुमी दोर बघा." आणि एका हातानं त्यानं गिऱ्हाइकाला दोर काढून दिला. दुसरा हात त्यानं लेकीच्या दंडावरून काढला नाही.